एका बंगाली अंगाईतील मराठे

कोलकात्यात संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबास बंगाली शेजाराकडून पुष्कळ गोष्टी मिळतात. भाषा मिळते, दुर्गापूजेचे अगत्य मिळते, आपल्या घरच्यासारखी माया करणाऱ्या काकीमा आणि मासीमा मिळतात. या सगळ्यांबरोबर एक अंगाईही न मागता घरात येते. शेजारची आजी किंवा मूल सांभाळावयास येणारी बाई आपल्या लेकराला मांडीवर घेऊन थोपटू लागते आणि सहज ती गुणगुणते. चाल गोड असते, मूल झोपी जाते. परंतु त्या गोड चालीत ‘बर्गी’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ कळला की ऐकणारा मराठी माणूस क्षणभर विचारात पडतो. कारण बर्गी म्हणजे मराठे. ज्या गीताने बंगालची कित्येक पिढ्यांची बाळे निजली, त्यात भयाचे नाव आपले आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लेखनाचा विषय निवडताना आम्हांस हीच अंगाई आठवली. ती कोठून आली, तिची किती रूपे आहेत आणि तिच्यातील मराठ्यांविषयी आपण काय समजावे, याचा थोडा शोध घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम गीताचा आशय पाहू. बाळ निजले आहे, आळी शांत झाली आहे, आणि बर्गी मुलखात आले आहेत. बुलबुल पक्ष्यांनी धान खाऊन टाकले आहे. आता सारा कशातून द्यावयाचा, असा प्रश्न आहे. काही ठिकाणी गीत येथेच थांबते. लांबलेल्या पाठात पुढे धान संपले, विड्याची पानेही संपली, आता साऱ्याचे काय, अशी विवंचना येते. आणि शेवटी सारा मागणाऱ्यास थोडे दिवस थांबण्याची विनवणी केली जाते, कारण लसूण पेरला आहे, त्याचे पीक आले की पैसे देता येतील.

या गीताकडे सामान्यतः ‘नीज, नाहीतर बर्गी येतील’ अशा धाकाचे गीत म्हणून पाहिले जाते. आपल्याकडील बागुलबुवाच्या जातीचेच ते, असे बंगाली मंडळीही म्हणतात. शब्द लक्षपूर्वक ऐकले तर मात्र तसे दिसत नाही. निजणे, शांत होणे, येणे ही तिन्ही क्रियापदे भूतकाळी आहेत. आई बाळास भीती घालीत नाही. बाळ निजल्यानंतर ती बोलते आहे. मूल जागे असताना जे उच्चारता येत नाही, ते ती आता हलक्या आवाजात स्वतःशी म्हणते. पहिल्या चरणातील शांतता बाळाची आहे, पुढची काळजी मोठ्यांची आहे. अंगाईच्या आवरणाखाली दडलेली ही कुणब्याच्या घरातील रात्रीची गोष्ट होय.

‘बर्गी’ हा शब्द आपल्या ‘बारगीर’ शब्दाचे बंगाली रूप आहे. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा व हत्यार स्वतःचे, बारगिरास ते सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. म्हणजे बारगीर हा फौजेतील अगदी साधा, पगारी माणूस. ज्या शब्दाने आपल्या हजेरीपटात केवळ एक दर्जा सांगितला जाई, तो शब्द बंगालमध्ये साऱ्या मराठी स्वारीचे नाव झाला.

त्या स्वारीचा इतिहास थोडक्यात असा. नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हे एप्रिल १७४२ मध्ये पश्चिमेच्या डोंगराळ वाटेने बंगालमध्ये उतरले आणि वर्धमानजवळ त्यांनी नबाब अलिवर्दीखानास गाठले. बंगाली लेखक त्यांना ‘भास्कर पंडित’ म्हणतात. नबाबाच्या बाजूचा मीर हबीब मराठ्यांस येऊन मिळाला. मे महिन्यात मुर्शिदाबादेच्या वेशीपर्यंत लूट झाली, जगत्‌शेठाची पेढीही सुटली नाही. भागीरथीकाठचे काटवा हे मराठ्यांचे ठाणे बनले. पावसाळा सरल्यावर भास्करपंतांनी तेथेच मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. पूजा चालू असताना, सप्टेंबरच्या अखेरीस, नवमीच्या सुमारास अलिवर्दीने छापा घातला आणि मराठ्यांस पूजा टाकून निघावे लागले.

दुसऱ्या वर्षी स्वतः रघूजी आले. त्यांना आवरण्यासाठी बादशहाच्या विनंतीवरून बाळाजी बाजीराव पेशवेही बंगालमध्ये शिरले. मार्च १७४३ मध्ये पलाशीजवळ पेशवे व नबाब यांची भेट झाली. चौथाईचे वचन व फौजखर्चाचे बावीस लाख रुपये पेशव्यांच्या पदरी पडले. त्याच ऑगस्टमध्ये शाहू महाराजांनी दोघांत समेट घडवून बंगाल व ओरिसाचा हक्क रघूजींकडे दिला. बंगालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एक मराठी फौज लुटावयास आली होती आणि दुसरी वाचवावयास. दोन्हींच्या घोड्यांना दाणावैरण मात्र त्याच्याच मुलखातून हवी होती.

मार्च १७४४ च्या अखेरीस मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी बोलावून अलिवर्दीने भास्करपंत व त्यांचे वीसहून अधिक सरदार तंबूत ठार केले. अफझलखानाच्या भेटीची आठवण मराठी वाचकास येथे सहज होईल; फक्त येथे जाळ्यात सापडलेले आपण होतो. त्यानंतर रघूजींच्या स्वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, त्या १७५१ च्या तहापर्यंत. नबाबाने वर्षाला बारा लाख चौथ देण्याचे मान्य केले, ओरिसा व्यवहारतः नागपूरकरांच्या हाती आला आणि सुवर्णरेखा ही सीमा ठरली. आपण ‘कटकापासून अटकेपर्यंत’ असे अभिमानाने म्हणतो. त्यातील कटक या दहा वर्षांतून आले.

दहा वर्षांचा हिशेब बंगालच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. चार लाख माणसे मेली असा एक समकालीन डच अंदाज आहे. तो फुगवलेला मानला तरी गावे ओसाड पडली, माग बंद पडले, रेशमाचा व कापडाचा व्यापार विस्कटला, यांविषयी सर्व बाजूंचे पुरावे एकमुखी आहेत. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य याच काळातले. त्याच्या उपलब्ध पोथीवर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१ ची नोंद आहे. पोथ्यांची गाठोडी घेऊन पळणारे पंडित, तराजू उचलून निघालेले सोनार, जाळी घेऊन निघालेले कोळी यांची त्यातील यादी वाचताना सारे गाव डोळ्यांसमोरून जाते. स्त्रियांवरील अत्याचारही त्याने स्पष्ट सांगितले आहेत.

तरीही गंगारामाचा न्याय एकांगी नाही. त्याच्या काव्यात बंगालमधील पाप वाढल्यामुळे शंकरच नंदीस शाहू राजाकडे पाठवून दंडासाठी फौज धाडावयास सांगतात. मराठे येतात ते दैवी शिक्षा म्हणून. पण ब्राह्मण, स्त्रिया, निरपराध लोक यांनाच त्यांनी छळल्यावर देवी त्यांच्यावर कोपते आणि भास्कराचा अंत होतो. शिक्षा करण्याचा अधिकार मिळालेल्याने मर्यादा सोडली की तो अधिकार जातो, असे हे त्या खेडवळ कवीचे राजकारण आहे. आम्हांस ते पुष्कळ इतिहासग्रंथांपेक्षा शहाणपणाचे वाटते.

कलकत्ता शहरावर प्रत्यक्ष हल्ला कधीच झाला नाही. पण भीतीने या शहराची रचना बदलली. येथील रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्याची परवानगी मिळवली; सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खोदकाम झाले. मराठे येत नाहीत असे दिसल्यावर ते तसेच राहिले. १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. आज त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र रोड व आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली अजून आहे. आपल्यापैकी कित्येक जण रोज ज्या रस्त्याने कचेरीस जातात, तो आपल्याच पूर्वजांच्या भीतीपोटी खणला गेला आहे. एवढा खंदक बुजला, पण अंगाई बुजली नाही.

आता गीताच्या उगमाकडे वळू. त्यातील प्रसंग १७४२ ते १७५१ या काळाकडे बोट दाखवतो, हे उघड आहे. परंतु बंगाली बालगीते, म्हणजे ‘छड़ा’, पद्धतशीरपणे गोळा होऊन छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मधली जवळजवळ दीडशे वर्षे हे गीत केवळ बायकांच्या तोंडी होते. तेव्हा प्रसंग जुना असला, तरी आजचे शब्द त्याच दिवसाचे आहेत असे म्हणता येत नाही.

या संकलनाचे मोठे श्रेय रवींद्रनाथ ठाकुरांकडे जाते. बंगाली सन १३०१ मध्ये, म्हणजे १८९४ च्या सुमारास, त्यांनी ‘छेलेभुलानो छड़ा’ हा निबंध लिहिला आणि मिळतील ती बालगीते जमवून वंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत दिली. पुढे १९०७ च्या ‘लोकसाहित्य’ या पुस्तकात हे लेखन आले. १८९९ मध्ये योगींद्रनाथ सरकारांचे ‘खुकुमणिर छड़ा’ हे संकलन निघाले आणि आजीच्या मांडीवरची गीते छापील पुस्तकातून घरोघर गेली.

रवींद्रनाथांनी त्या निबंधात पाठभेदांविषयी जे मत दिले आहे, ते आमच्या विषयास फार उपयोगी आहे. एकाच गीताचे अनेक पाठ मिळतात आणि त्यांतील एकही टाकून देण्याजोगा नाही. अमुक पाठ शुद्ध वा मूळचा, असे ठरवण्याचा मार्ग नाही आणि गरजही नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेली माणसे. आमच्या कामात कच्चा मसुदा कोणता व सहीची प्रत कोणती, हे ठरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. अंगाईच्या दप्तरात मात्र प्रत्येक आईची प्रत सहीचीच असते.

पाठभेद पाहू लागले म्हणजे प्रत्येकाच्या मागे एक घर दिसते. कोठे निजणारा ‘खोका’ असतो, कोठे ‘छेले’. मुलगी असेल तेथे ‘खुकु’. जिच्या मांडीवर जे बाळ, त्याप्रमाणे शब्द बदलतो. कोठे गीत साऱ्याच्या प्रश्नावर संपते. अशा पाठात उत्तर नाही, म्हणून तो अधिक उदास वाटतो. लसणाचा पाठ त्याहून वेगळा आहे. त्यात मागणाऱ्याशी घासाघीस आहे, थोडी आशा आहे, आणि ऐकणाऱ्यास किंचित हसूही येते. शिवाय त्यात शेतीचे खरे वेळापत्रक आहे. बंगालचे मुख्य भात हेमंतात कापले जाते. लसूण त्याच सुमारास लावतात आणि तो निघतो हिवाळ्याच्या शेवटी. म्हणजे ‘थोडे दिवस’ म्हणून मागितलेली मुदत वस्तुतः कित्येक महिन्यांची आहे. मुदतवाढीचे अर्ज वाचणाऱ्या कोणासही ही भाषा ओळखीची वाटेल.

बुलबुलाची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. हा पक्षी मुख्यतः फळांवर आणि किड्यांवर जगतो. उभ्या भातावर तुटून पडणारे पक्षी म्हणजे मुनिया, पोपट व त्यांचे भाईबंद. मग धान खाल्ल्याचा आळ बुलबुलावर का? नादासाठी हे नाव आले असेल, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आम्हांस अधिक पटते. धान कोणी नेले हे आईस ठाऊक आहे; पण झोपलेल्या बाळाच्या गाण्यात घोडेस्वाराऐवजी एक लहानसा पक्षी घालणे तिला सोसते.

आणि सारा मागणारा कोण? मराठी वाचक येथे घाईने म्हणेल, चौथाई मागणारे आपणच. गीत मात्र तसे म्हणत नाही. बर्गी येतात ते पहिल्या भागात. साऱ्याचा तगादा नंतर येतो आणि तो कोणाचा, हे सांगितलेले नाही. इतिहास असा की, मराठ्यांना द्यावयाच्या रकमेसाठी नबाबाने जमीनदारांवर ‘चौथ मराठा’ या नावाचाच जादा अबवाब बसवला. जमीनदाराने तो रयतेकडून काढला. १७६५ मध्ये दिवाणी कंपनीकडे गेली, पाच वर्षांत भीषण दुष्काळ पडला, तरी वसुली थांबली नाही. लुटारू येतो आणि जातो. सारा मात्र दरसाल येतो. हे गीत बर्गी गेल्यावरही दीडशे वर्षे जिवंत राहिले, याचे कारण आमच्या मते हेच की, त्याच्या उत्तरार्धातील प्रश्न शिळा झाला नाही.

चालीसंबंधी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. या गीताला रागदारीची बांधलेली चाल नाही. चार-चार मात्रांचे गट, प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर आघात, आणि चरणाच्या शेवटी एक छोटा विसावा, असे बंगाली छड़ांचे ठरलेले वृत्त त्याला आहे. पाऊस बोलावणारी, चांदोमामाला बोलावणारी कित्येक बालगीते याच ठेक्यावर चालतात. आपल्या ओवीला जात्याची गती, तशी हिला मांडीच्या हेलकाव्याची आणि पाठीवरच्या थोपटीची. मोजक्या स्वरांत ती फिरते. म्हणून जिला गाता येत नाही, तिलाही ती म्हणता येते. शब्द बदलले, ओळी वाढल्या वा गळाल्या, तरी ठेका सुटत नाही. खरे पाहता या गीताचा स्थायी भाग ठेकाच आहे.

त्याच ठेक्यावर ते जेथे बर्गी फारसे पोचलेच नाहीत तेथेही गेले. मराठी स्वाऱ्यांचा खरा मार गंगेच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांस बसला. लोक पळून जात ते नदीपार, पूर्वेकडे. आज बांगलादेशातही ही अंगाई घरोघर आहे. गंगारामाच्या काव्याची पोथीदेखील पूर्वेकडे, मैमनसिंग भागात सापडली. पश्चिमेस मात्र तीच आठवण निराळ्या रूपांत राहिली. विष्णुपुरात दलमादल नावाची प्रचंड तोफ आहे. साक्षात मदनमोहनाने ती डागून बर्गींस पळविले, असे तेथील लोक सांगतात. हुगळी जिल्ह्यातील इटाचुना येथील जुन्या वाड्याचे नावच ‘बर्गी डांगा’शी जोडलेले आहे, येथेच राहून बंगाली झालेल्या मराठ्यांचे ते घराणे, अशी त्याची परंपरा आहे. एका ठिकाणी बर्गी देवाकडून हरतो, दुसरीकडे तो गावचा जमीनदार होतो, आणि अंगाईत तो अजून येतोच आहे.

असे भाग्य केवळ आपल्याच वाट्यास आले असे नव्हे. जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धानंतर (१६१८–१६४८) मुलांच्या गाण्यांत स्वीडिश फौजेची व तिचा मुत्सद्दी ऑक्सेनस्टिएर्ना याची भीती उरली. बाप लढाईवर गेला आणि पोमेरेनिया जळाले, असे एका साध्या किड्याला सांगणारे बालगीत जर्मन मुले अजून म्हणतात. इंग्लंडमध्ये आया नेपोलियनच्या नावाने मुलांस दटावीत. फौजा आपले पराक्रम बखरीत लिहवून घेतात. त्या फौजांनी तुडवलेली गावे आपला जबाब पाळण्याजवळ नोंदवतात. दोन्ही कागद दप्तरात असल्याशिवाय निकाल देता येत नाही.

हा दुसरा कागद मराठी माणसाने वाचावा, असे आम्हांस वाटते. त्याने शरमेने मान घालावी किंवा ‘तो काळच तसा होता’ म्हणून विषय बंद करावा, असे मात्र नाही. बंगालने स्वतः या दोन्ही वाटा टाळल्या. देवघरजवळच्या करों गावी जन्मलेले मराठी वंशाचे सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहू लागले, त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ मध्ये निघाला, आणि त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात शिवाजी उत्सव उभा राहिला. ज्या रवींद्रनाथांनी मुलांची गीते जमवली, त्यांनीच त्या उत्सवासाठी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ मध्ये लोकमान्य टिळक उत्सवासाठी कलकत्त्यास आले, तेव्हा त्यांचे स्वागत करणाऱ्यांत या अंगाईवर वाढलेले असंख्य लोक असले पाहिजेत. त्यांनी शिवाजी महाराजांस मानले आणि बर्गीही विसरले नाहीत.

इतिहासाच्या क्षेत्रात तर याहून मोठे उदाहरण आहे. यदुनाथ सरकारांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले आणि बंगालवरील मराठी स्वाऱ्यांचा हिशेबही कठोरपणे मांडला. त्यांचे जन्माचे स्नेही कोण, तर मराठी रियासतीचे कर्ते गोविंद सखाराम सरदेसाई. पुणे रेसिडेन्सीच्या कागदांचे संपादन दोघांनी मिळून केले. पत्रव्यवहार अर्धे शतक चालला. मतभेद झाले, ते पुराव्याने. बर्गी या शब्दाने त्यांच्या स्नेहात कधी खंदक खणला नाही.

आपल्या मंडळातील मुले बंगाली शाळासोबत्यांत वाढतात. एखाद्या दिवशी त्यांपैकी कोणी घरी येऊन विचारील की, गाण्यातले बर्गी म्हणजे आपणच का? त्याला ‘होय’ म्हणून सांगावे. बारगीर कोण होता, काटव्याची पूजा कशी मोडली, धान कोणी नेले आणि सारा कोणी मागितला, हेही सांगावे. मग ती अंगाई त्याला शिकवावी, आणि शेजारच्या आजीकडून तिचा एखादा निराळा पाठ मिळाला तर तोही उतरून ठेवावा.